नोटेवरची बाई आणि आभाराचं काम

दिल्लीत पंतप्रधान बाई होत्या, त्या दिवसांतली गोष्ट. नागपुरात आमच्या वस्तीच्या वाचनालयाने चर्चा ठेवली: देशाच्या नोटेवर कर्तबगार स्त्रीचं चित्र असावं की नाही? विषय मीच सुचवला होता. गिरणीच्या फाटकावर पत्रकं वाटून माझा आवाज तयार झाला होता आणि मुद्देही. पण मंचावर बसले चार वक्ते, चारही पुरुष. मला सांगितलं, तू आभार मान. आमच्याकडे बायांच्या वाट्याला मंचावरची दोनच कामं, आधी स्वागतगीत आणि शेवटी आभार. आभार सुरू झाले की लोक चपला शोधायला लागतात.

भाषणं थोर झाली. एक म्हणाले, आपण लक्ष्मी पुजतो, आणखी किती मान द्यायचा? निवृत्त हेडमास्तर तर गहिवरलेच. "नोट दारूच्या गुत्त्यावर जाते. लोक थुंकी लावून मोजतात. माउलीची ही विटंबना बघवेल का?" टाळ्या पडल्या.

मी उठले, तशी सतरंजीवरची मंडळीही उठली. तेवढ्यात व्हरांड्यात चहा करणारी आमची शेजारीण काकू किटली घेऊन दारात आडवी उभी राहिली.

"बसा गा सारे! चहा व्हायचा हाये अजून."

"वास तं येऊन राहिला, काकू," कोणीतरी म्हणालं.

"मंग वासच घे. पोरगी बोलून राहिली, दिसत नाही का तुले?"

बसले सगळे. मी अध्यक्षांचे आभार मानले, सतरंजीवाल्याचे मानले, मग हेडमास्तरांकडे वळले. "गुरुजींना बाईच्या विटंबनेची काळजी आहे, त्यांचे खास आभार. पगाराच्या दिवशी नवऱ्याला ओढून आणायला बाई स्वतः गुत्त्यावर जाते, तेव्हा ही काळजी कुठे असते? चित्राची अब्रू जपता, बाईची काहून नाही?"

मागे बसलेल्या बाया मोठ्याने हसल्या. मग मी नोटेसाठी तयार ठेवलेले सगळे मुद्दे काढले. एकही सोडला नाही. हेडमास्तर किटलीकडे बघत होते.

ठराव मांडला, भराभर हात वर झाले. ते मुद्द्यांसाठी होते की चहासाठी, याच्या खोलात मी गेले नाही. ठराव दिल्लीला गेला. नोट होती तशीच राहिली.

पुढच्या वर्षी समितीला शहाणपण सुचलं. आभाराचं काम एका पुरुषाला दिलं. बाया फार लांबण लावतात म्हणे. चहाचं काम मात्र बायांकडेच ठेवलं.

काकू म्हणाली, "ठेवू दे वं. चहावरच सभा बसते, सांगू नको त्यायले."