भगवान मिस्त्रींचा नळ

गुरुवार, सकाळचे सात चाळीस. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या आपल्या दुकानासमोर भगवान गांगुर्डे एका पिकअपखाली उताणे झोपले आहेत. गाडी चिखलोलीच्या एका वीटवाल्याची. टाकीतून इंजिनाकडे जाणारा डिझेलचा पाइप कापून ते मध्ये छोटा पितळी नळ बसवत आहेत. नळ बंद, तर डिझेल बंद. दोन गाड्यांत तो एका जागी बसवायचा नाही आणि जागा फक्त मालकाला, बाजूला घेऊन सांगायची, हा त्यांचा शिरस्ता. नळ लावलेली एकही गाडी आजवर, म्हणजे मार्च १९९६ पर्यंत, चोरीला गेलेली नाही. हे ते स्वतःहून सांगतात. आवाज चढवत नाहीत, पण सांगतात.

गांगुर्डे मूळचे वायरिंगचे मिस्त्री. वडील शिवराम अंबरनाथच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. वायर सोलायला मुलगा घरीच शिकला. पिकअपच्या चोऱ्या वाढल्या तेव्हा इतर मिस्त्रींसारखे तेही चोरस्विच लावू लागले. डॅशबोर्डखाली लपवलेलं बटण दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. कंपनीच्या कुलपावर कोणाचा भरवसा नव्हता. पाच वर्षं चाललेल्या गाडीचं कुलूप इतकं झिजतं, की शेजारच्या गाडीची किल्लीही त्यात फिरते.

१९९३च्या उन्हाळ्यात बदलापूरच्या रामभाऊ भोपींची पिकअप घरासमोरून चोरीला गेली. रामभाऊ फर्निचर बाजारातला माल वाहायचे. गाडीतला चोरस्विच गांगुर्ड्यांनी लावलेला. पिकअप स्टँडवर शंकर नावाचा ड्रायव्हर चारचौघांत म्हणाला, "स्विच कुठेय ते रामभाऊला ठाऊक आणि मिस्त्रीला. आता रामभाऊ काय स्वतःची गाडी चोरणार?"

पोलिसांनी बोलावून विचारपूस केली. स्टँडवरच्या गाड्या दुसऱ्या दुकानांत जाऊ लागल्या. मिस्त्रीचं नाव गेलं की दुकानात उरतं काय, तर पक्कड आणि टेप.

गांगुर्डे बदलापूरला गेले. रामभाऊंनी बसा म्हटलं नाही.

"गाडी कशी लावली होती, रामभाऊ?"

"रोजच्यासारखी. उताराला तोंड करून."

तेवढ्यावर गांगुर्डे बाहेर आले आणि रस्त्याकडे बघत राहिले. बॅटरी वाचावी म्हणून इकडचे सगळे ड्रायव्हर गाडी उतारावर लावत. सकाळी ब्रेक सोडला, गाडी घरंगळली, गिअर टाकला, की इंजिन सुरू. हा सल्ला कित्येकांना त्यांनी स्वतःच दिला होता. त्या जुन्या डिझेल इंजिनांना एकदा फिरू लागल्यावर वीज लागतच नसे. चोरस्विच अडवायचा फक्त स्टार्टरला, आणि उतारावर स्टार्टर हवा होता कोणाला?

दुसऱ्या दिवशी त्यांनी शंकरचीच पिकअप मागून त्या उतारावर नेली. स्टँडवरचे ड्रायव्हर मागोमाग आले. स्विच बंद ठेवून त्यांनी शेजारच्या गाडीची किल्ली शंकरच्या हातात दिली. स्टिअरिंगचं कुलूप सुटलं, गाडी घरंगळली आणि कोपऱ्यावर पोचायच्या आत धूर सोडत चालू झाली.

"मग हा स्विच लावलास कशाला?" शंकरने परत येऊन विचारलं.

"डिझेलला लावायला नको होता. माझी चूक," गांगुर्डे सगळ्यांसमोर म्हणाले. "चोरी माझी नाही."

आठवड्याभरात त्यांनी पहिला नळ शंकरच्याच गाडीत बसवला आणि बंद करून म्हणाले, "आता चोरून दाखव."

पाइपात आणि फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर गाडी ऐटीत निघाली आणि फर्निचर बाजाराच्या ऐन तोंडाशी बंद पडली. पंपात हवा शिरली होती. मागे टेम्पो, रिक्षा, हातगाड्या अडकल्या. दोन सिंधी दुकानदारांनी शंकरला मनसोक्त शिव्या घातल्या आणि मग धक्काही मारला.

"एवढी लाज मला लग्नात नव्हती वाटली," शंकर घाम पुसत म्हणाला. "बसव मिस्त्री, सगळ्यांना बसव."

स्टँडवरच्या सगळ्या डिझेल गाड्यांतले आपले स्विच गांगुर्ड्यांनी काढले आणि नळ बसवले. रामभाऊंची गाडी मात्र सापडली नाही. जवळजवळ तीन वर्षं ते दुसऱ्याची गाडी चालवत होते आणि या दुकानावरून जाताना मान वळवत नव्हते.

आज दुपारी ते आले. जुनी पिकअप घेतली आहे म्हणाले.

"नळ कुठे बसवतोस ते मला नको सांगू, भगवान. माझ्या पोटात काही राहत नाही. हिला सांग." ही म्हणजे पत्नी, वेणूबाई.

"वहिनींना घेऊन या मग," गांगुर्डे म्हणाले आणि त्यांनी रामभाऊंसाठी चहा सांगितला.

उद्या शुक्रवार. अंबरनाथच्या कारखान्यांना सुटी, म्हणून मालाच्या गाड्या मोकळ्या असतात आणि गांगुर्डे दुकान तासभर लवकर उघडतात. पहिली गाडी रामभाऊंची आहे.