तालमीवरची एक वायर

शिवाजी पेठेतल्या तालमीच्या माडीवर नजीरा कित्येक वर्षं कॉम्प्युटरचा वर्ग चालवते. जागा मंडळाची, पण भिंतीलगतची काळी वायर तिची. त्या एकाच वायरीला पाच जुनी मशिनं ओळीनं जोडलेली. घरोघरी वायफाय आलं, तरी नव्या पोरांचा पहिला धडा इथंच.

"एका मशिनानं बोललेलं सगळ्यांना ऐकू येतंय," ती सांगते. "ज्याचं नाव घेतलं त्यानं घ्यायचं, बाकीच्यांनी सोडायचं. दोघं एकदम बोलली की दोघांचंबी वाया. मग गप बसायचं, जरा थांबून पुन्हा."

वायरीच्या दोन्ही टोकांना धातूची छोटी टोपणं आहेत. ती नसली, तर टोकाला गेलेला संदेश उलटा फिरतो आणि सगळी ओळच मुकी होते.

मंडळाचे नवे अध्यक्ष अमरसिंह यांना ही ओळ भंगारात काढून तिथं कॅरम मांडायचे होते. नजीरानं त्यांना तोंडावर सांगितलं, "चालू हाय तवर हलवायचं न्हाय. बंद पडली तर मीच उचलून देतो." खंडेनवमीला, हत्यारं पुजायच्या दिवशी, त्यांनी बघायला यायचं ठरलं.

त्या दिवशी माडी झाडणाऱ्या शालूबाईंनी पक्कड, किल्ल्या, स्क्रू-ड्रायव्हर घासूनपुसून पाटावर मांडले, मशिनांना झेंडूच्या माळा घातल्या. पूजा झाली आणि अमरसिंह खजिनदारांना घेऊन वर आले. नजीरानं पहिल्या मशिनावरून निरोप धाडला. तो एकाही पडद्यावर उमटला नाही.

"मेली की," अमरसिंह म्हणाले. "भंगारवाला खाली थांबलाय."

नजीरा भिंतीशी वाकली. वायर चाचपत ती टोकाला गेली. टोपण नव्हतं. दुसऱ्या टोकालाही नव्हतं. मग तिची नजर पाटावर गेली. पक्कडीशेजारी दोन्ही टोपणं, लखलखीत, हळदकुंकू लावलेली.

"काळी पडलीती, म्हणून चिंचेनं घासली," शालूबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "हत्यारच न्हवं व्हय ती?"

"हत्यारच हाय, मावशी. तुमचं काय चुकलं न्हाय." नजीरानं हात पुढं केला.

"थांब," अमरसिंह म्हणाले. "पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या शिलंगणापर्यंत हलवत न्हाईत. तालमीचा नेम हाय."

नजीरानं हात मागं घेतला आणि पदर खोचला. "बरं झालं दादा, तुम्हीच सांगितलं. मशिनंबी पुजलेली हायत. माळा बघा. आता भंगारवाल्याला सांगा, घरला जा."

अमरसिंह आणि खजिनदार एकदमच बोलू लागले.

"एकेकानं," नजीरा म्हणाली. "दोघांचंबी वाया चाललंय."

शालूबाईंनी तोंडाला पदर लावला.

दसऱ्याला सांजच्याला शिलंगण करून अमरसिंह आपट्याची पानं वाटत माडीवर आले. पूजा उतरली होती. हळद न पुसताच नजीरानं टोपणं बसवली आणि कळ दाबली. पाचही पडद्यांवर एकच ओळ उमटली:

दादा, सोनं घ्या. कॅरम खाली मांडा.