समुद्राचे काळे मणी

सत्यशीलाबाईनं समुद्र कधी पाहिला नव्हता, पण तिच्याकडे तो होता. बामच्या रिकाम्या बाटलीत. दुपारची भांडी घासून झाली की ती ओसरीवर आडवी व्हायची, बाटली कानाशी धरायची आणि हळूच हलवायची. आत काळे मणी खुळखुळायचे. मग समोरचं सागवान, त्यामागची प्राणहिता, नदीपलीकडचं तेलंगण, सगळं हळूहळू विरघळायचं आणि पाणीच पाणी व्हायचं. अशा वेळी कुणी हाक मारली, तर बाई अशी खेकसायची की हाक मारणाऱ्यानं कानाला खडा लावावा.

नाव तिच्या बापानं ठेवलेलं. धम्म घेतल्यावर घरात जन्मलेली पहिली मुलगी, म्हणून सत्यशीला. ती नावाला जागली आणि गावाला त्याचा तापच झाला. वरणात मीठ जास्त झालं तर भर पंगतीत सांगणार. नणंदेनं धान कापायच्या दिवशी तापाचं सोंग घेतलं, तर तिच्याशी जो अबोला धरला तो कायमचाच. खोटं बोलणारा माणूस तिला डोळ्यांसमोर नको असायचा.

नवरा बापूराव मात्र गोडबोल्या आणि स्वप्नाळू. दर डिसेंबरात तो आणि त्याचा मित्र देवराव चैत्यभूमीला जायचे. बल्लारशाहून गाडी पकडायची, दादरला रांगेत उभं राहून माथा टेकवायचा, समुद्र पाहायचा आणि परतायचं. सत्यशीलाबाईला जाणं कधी जमलंच नाही. डिसेंबरात धानाचा चुरणा म्हणजे मळणी, गोठ्यात म्हैस, पोर खुशबू लहान. घरी कुणीतरी हवंच, आणि ते कुणीतरी म्हणजे कोण, हे का सांगायला पाहिजे? "पुढच्या साली तुले नेतो," बापूराव म्हणायचा. पुढचं साल आलं की म्हैस नेमकी व्यायला टेकलेली असायची.

पण येताना तो तिच्यासाठी एक मणी आणायचा. तुरीच्या दाण्याएवढा, काळाभोर, चकचकीत, वर बारीक बारीक टोकं. भोक नाही म्हणून ओवता येत नव्हता, तरी मणीच म्हणायचे. "समुद्रातला हाय," तो सांगायचा आणि चुलीपुढं बसून बोलत सुटायचा. "आपल्या नदीसारखाच व, पण पलीकडचा काठच नाई त्याले. पाणी येते, तुह्या पायाले लागते आन् वापस जाते. दिवसभर तेच करत राह्यते, थकत नाई." सत्यशीलाबाई ऐकत बसायची आणि चुलीवरच्या गंजातला भात खाली लागायचा. भाताचा करपट वास आला की तिला आजही समुद्राची आठवण होते, आता बोला!

बापूराव गेला त्याला दोन पावसाळे झाले. मणी उरले, आणि दुपारचा समुद्रही उरला.

यंदा पाऊस सरल्यावर तिच्या बाहेरच्या खोलीत दिव्यानी राहायला आली. पोरगी घुग्घुसची, कोळसा खाणीतल्या कामगाराची लेक, नागपुरात दगडांचं शास्त्र शिकणारी. नदीकाठची रेती नि माती चाळायची आणि त्यात दगड होऊन राहिलेले जुन्या काळचे जीव शोधायचे, हे तिचं काम. "रेती चाळाले बी कॉलेजात शिका लागते काय व?" सत्यशीलाबाईनं पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. पोरगी हसली. तेव्हापासून दोघींचं जमलं.

एका संध्याकाळी दिव्यानी कागदाच्या पुडीत काहीतरी घेऊन नाचतच आली. "आजी, इतके दिवस चाळून राह्यली, तवा आज हा एक भेटला!"

सत्यशीलाबाईनं वाकून पाहिलं. "हात्तिच्या! याच्यासाठी एवढी नाचून राह्यली? माह्यापाशी बाटलीभर हायेत."

पोरीच्या हातातली पुडी पडता पडता राहिली. बाईनं बाटली सुपात रिकामी केली, तशी दिव्यानी गुडघ्यांवर बसली आणि भिंग लावून एकेक मणी बघू लागली.

"आजी, हे मणी नाई. दात हायेत. शार्क म्हणते न, मोठा दातांचा मासा, त्याचे. करोडो सालं झाली, त्याचे दगड झाले. तुमाले कुठी भेटले?"

"समुद्रात. दादरले. खुशबूच्या बाबांनी आणले."

"नाई आजी," दिव्यानी हळू आवाजात म्हणाली. "हे इथलेच हायेत, आपल्या नदीकाठचे. हा पाहा माहा, आन् हे तुमचे. सगळ्यायले एकच लाल माती चिकटून हाय."

"काहीतरीच! इथी कुठून आला व समुद्र?"

"इथी लय मोठं पाणी होतं. गोडं का खारं, त्याच्यावरून आमच्या सरांचे भांडणं अजून चालूच हायेत. पण हे मासे इथीच पोहत होते. जिथी आपण बसून राह्यलो न, इथीच."

क्षणभर सत्यशीलाबाईला ते दिसलंही. ओसरी पाण्याखाली गेली. सागाच्या खोडांमधून एक लांबलचक काळा मासा सावकाश आला, विहाराच्या छपरावरून वळला, मोहाच्या शेंड्याला शेपटी घासून पुढं गेला. वरून कुठून तरी हिरवा उजेड पाझरत होता. किती छान वाटलं तिला! आणि मग एकदम पाणी ओसरलं.

इथले. म्हणजे दादरचे नाहीत. म्हणजे बापूराव खोटं बोलला. एकदा नाही, दर साली, चुलीपुढं बसून, तिच्या तोंडाकडं बघत.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मणी खोटे, तर समुद्र तरी खरा कशावरून? हा माणूस मुंबईला जात तरी होता का? की दुसरंच कुठलं घर होतं, जिथं डिसेंबर गोड जायचा? तिकडं हा मजेत आणि इकडं आपण एकटीनं धान चुरत, शेण काढत, एका मण्यासाठी वाटेवर डोळे लावून बसलेलो. सगळ्या संसारातली हीच एक गोष्ट तिनं उराशी धरली होती. जेवणावरची वासनाच उडाली. भिंतीवर बापूरावाचा फोटो होता, त्याच्यासमोर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काऊन जी? फसवाले मीच भेटली होती काय तुमाले?"

फोटो नेहमीसारखा हसत होता. तिनं तो भिंतीकडं तोंड करून फिरवून ठेवला.

सकाळी उठली ती थेट देवरावाच्या दारात. म्हातारा अंगणात दोर वळत बसला होता.

"देवरावभाऊ, रोज पंचशील म्हणता न? त्यातलं चौथं, खोटं न बोलाचं, आठवा आन् खरं सांगा. खुशबूचे बाबा मुंबईले जात होते का नाई?"

देवरावाच्या हातातला दोर थांबला. त्यानं तिच्याकडं पाहिलं, तिच्या मुठीतल्या बाटलीकडं पाहिलं आणि तो काय ते समजला.

"जात होता व बाई, दर साली. मी संगच होतो न. पहिल्या साली त्यानं तुह्यासाठी एक शंख घेतला समुद्रावरून. पांढरा, हा एवढा. गाडीत तुडुंब गर्दी, कोणाची तरी पेटी पडली त्याच्यावर. पीठ झालं त्याचं. लहान लेकरासारखा रडला तो. म्हणे, ती घरी एकटी राबून राह्यली, मी रिकाम्या हातानं कसा जाऊ? मंग फाट्यावर उतरलो, नदीकाठानं येत होतो, त् त्या लाल कड्याखाली त्याले हे चमकताना दिसलं. उचललं आन् म्हणे, हेच समुद्रातलं."

"मंग पुढच्या साली शंख आणाचा न!"

"आणते कसा? तू म्हणली, पुढच्या साली बी असाच मणी आणजा. तो काय समुद्रावर भेटते? मंग दर साली तेच. फाट्यावर उतरलो का म्हणे, देवराव, तू हो पुढं. मी घरी येऊन, आंघोळ करून, जेवून झोपून उठत होतो, तरी हा तिथी वाकूनच. एका साली त् मीच गेलो त्याले आणाले. म्हटलं, चाल बे, बायको काई मारत नाई. म्हणे, थांब, भेटतेच आता."

देवराव दुपारीच यायचा आणि आपला माणूस दिवेलागणीला, हे सत्यशीलाबाईला लख्ख आठवलं. आणि उंबऱ्यातच आपण त्याला काय ऐकवायचो, तेही. कुठी पाहुणचार खात बसले होते? घरदार हाय का नाई तुमाले? यावर तो नुसती मूठ पुढं करायचा.

"मले कधी सांगितलं नाई भाऊ तुमी."

"तुले? तुले सांगाची कोणाची छाती व! एका खोट्या तापासाठी नणंदेशी बोलत नाई तू."

ती तिथून घरी गेलीच नाही. वाट धरली ती लाल कड्याची. वाटलं, एक सापडेल, पाहू तर खरं. पदर खोचला आणि वाकली. काळं काही दिसलं की उचलायची. कधी खडा निघायचा, कधी शेळीची लेंडी, एकदा कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण. ऊन चढलं. रेती पांढरी होऊन डोळ्यांत खुपायला लागली. पाण्याचा आवाज कानात भरून राहिला आणि आपण नदीकाठी आहोत की आणखी कुठं, हेही तिला कळेना. कंबर धरली. तरी वाकली. सूर्य डोक्यावरून कलला, पण हाताला एकही दात लागला नाही.

तेव्हा ती रेतीत बसली. गाडीत रात्रभर उभा राहून आलेला माणूस, पाय सुजलेले, पोटात अन्न नाही, घर हाकेच्या अंतरावर; आणि तो इथं वाकलेला. बाटलीत जितके दात, तितके दिवस. तिला हुंदका फुटला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, म्हणून ती मनसोक्त मोठ्यानं रडली.

"एवढं काऊन वाकले जी? माह्यासाठी? मले तर तुमी रिकाम्या हातानं आले असते तरी चाललं असतं."

खरं तर चाललं नसतं. ते तिलाही ठाऊक होतं, आणि रडता रडता तिला हसू आलं.

संध्याकाळी तिनं दिव्यानीला लाल कड्याची जागा सांगितली. बाटली दोन दिवस तिच्या हवाली केली, हवे तेवढे फोटो काढू दिले, मापं घेऊ दिली आणि मग मागून घेतली. बापूरावाचा फोटो पुसून पुन्हा सरळ लावला.

रविवारी विहारात बाया जमल्या होत्या. गोष्ट तोवर गावभर झालेली. शेजारच्या सुगंधाबाईच्या जिभेला तर कधीची खाज सुटली होती. सगळ्यांच्या देखत तिनं विचारलंच, "काय व सत्यशीला, ती पोरगी म्हणून राह्यली का तुहे मणी इथल्याच नदीतले हायेत म्हणून? बापूरावभाऊ तुले जल्मभर येडी बनवत होते काय?"

बायांनी तोंडाला पदर लावले. दिव्यानी दाराशी उभी होती, ती खाली पाहू लागली. सत्यशीलाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सुगंधाबाईच्या डोळ्यांत डोळे घातले.

"लहान पोर हाय ते, त्याले काय समजते?" ती म्हणाली. "समुद्रातलेच हायेत. खुशबूच्या बाबांनी दादरवरून आणले, माह्यासाठी."

पापणीसुद्धा हलली नाही तिची. सगळ्यांनी ते खरं मानलं, आणि वंदना सुरू झाली.