उरलेल्या रोपांचा तपास

मावळातली ती घटना आठवली की आजही मला आधी माझाच राग येतो.

लोणावळ्याच्या अलीकडे, मळवली भागातल्या एका गावाने ग्रामसभेत ठराव केला होता : आमच्या शिवारात जनुकीय बदल केलेलं पीक लावायचं नाही. इथल्या बाया भाताचं बियाणं घरचंच राखतात, त्यात भेसळ झाली तर परत निवडता येत नाही, एवढं साधं कारण. ठराव म्हणजे कायदा नव्हे, हे मलाही ठाऊक होतं. पण असं भात लावायला सरकारचीही परवानगी नव्हती, त्यामुळे गुन्हा होतच होता.

भाद्रपदात सरपंचांचा आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. एका बंगल्यामागे जाळी लावलेल्या भातखाचरात तणनाशक मारलं, तण जळालं आणि भात हिरवंगार उभं राहिलं. साधं भात असतं तर तेही जळालं असतं. आम्ही कृषी अधिकाऱ्यांना घेऊन छापा घातला. पंचनामा केला, नमुने सील केले, पीक उपटून जाळलं. बंगल्याचा मालक बियाण्यांच्या धंद्यातला. त्याला पुण्यातून उचललं, तर तो वकील बरोबर घेऊनच आला. मला वाटलं, केस मिटली.

कृषी अधिकारी मात्र रोपं वाढवायच्या वाफ्यापाशी उभे राहून पावलं मोजत होते. "साहेब, वाफा मोठा आहे आणि लावलेलं खाचर लहान. उरलेलं रोप गेलं कुठं? आठ-दहा दिवसांत भात फुलोऱ्यात येईल आणि वाऱ्याने त्याचे पराग शेजारच्या भातावर जातील. त्याआधी सापडलं नाही, तर गावाचं बियाणं गेलंच समजा."

बंगला सांभाळायला गावातलीच एक पन्नाशीची बाई होती. लावणीही तिनेच केलेली. तिला ठाण्यात बोलावलं. महिला कॉन्स्टेबल शेजारी बसवली आणि विचारपूस सुरू केली.

"मावशी, उरलेलं रोप कुणाला दिलं?"

"कुजलं साहेब."

दोन दिवस हेच उत्तर. मी आवाज चढवला. मालकाबरोबर तुलाही आरोपी करीन, म्हणालो. मावशीची अगं-तुगं कधी झाली, माझं मलाच कळलं नाही. ती पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळत राहिली. खोटं बोलणारा माणूस हळूहळू गोष्ट वाढवत नेतो, हा माझा अनुभव. हिचं वाक्य तेवढंच राहिलं. माझं डोकं भडकलं होतं आणि तिकडे एकेक दिवस हातचा जात होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती कॉन्स्टेबल माझ्या टेबलाशी आली. ती कामशेतकडची, शेतकऱ्याच्या घरातली.

"साहेब, आमच्यात रोप कुजवत न्हाई कुणी. उरलं की ज्याला कमी पडलं त्याच्या बांधावर ठेवायचं. पण कुणाला दिलं ते बोलायचं नसतं. रोप कमी पडलं म्हंजी त्या घराची लाज असती. ती मेली तरी सांगायची न्हाई."

मी दोन दिवस गुन्हेगार फोडत होतो आणि समोर एक बाई शेजाऱ्यांची अब्रू राखत बसली होती. मला मनापासून शरम वाटली.

मी तिला चहा दिला आणि कृषी अधिकाऱ्यांना समोर बसवलं. ते भात कुठलं आहे, फुलोरा आला की काय होईल, हे त्यांनी तिला समजेल असं सांगितलं. मालकाने तिला 'सुधारित वाण' एवढंच सांगितलं होतं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

"म्हंजी मीच गावात घातलं व्हय?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, मावशी. नावं मला नकोत. तुम्हीच त्या घरांत जाऊन ते उपटायला सांगा."

"त्यांचं वर्साचं भात जाईल साहेब."

"जाईल."

तिने चहाचा कप खाली ठेवला. मग विचारलं, "तुमी मागं माणूस लावणार न्हाई?"

मी शब्द दिला. कायद्याच्या चौकटीत हे बसत नव्हतं. प्रत्येक खाचराचा पंचनामा व्हायला हवा होता. तीन दिवस मी त्या शिवारात पाऊल टाकलं नाही, माणूसही पाठवला नाही. ती तोंडावर हो म्हणून गप्प बसली तर, या विचाराने मला जेवण गोड लागेना.

चौथ्या दिवशी कृषी अधिकारी एकटेच शिवारात फिरले, पानांची चाचणी करत. संध्याकाळी ठाण्यात आले ते चिखलाने माखूनच. "शिवार स्वच्छ आहे," एवढंच म्हणाले. फुलोरा त्यानंतर दोन दिवसांनी आला.

बाईला मी आरोपी केलं नाही, साक्षीदार केलं. वरिष्ठांनी विचारलं, पुरावा उपटू दिलास कसा? मी लेखी खुलासा दिला आणि ठपका घेतला.

पुढे कोर्टात मालकाच्या वकिलाने तिला दरडावून विचारलं, "रोप दिलं म्हणता, मग घरांची नावं सांगा." ती म्हणाली, "दिलं ते खरं. नावं न्हाई सांगायची." वकिलाने मग मला पिंजऱ्यात बोलावून तोच प्रश्न केला.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत, तपास अधिकारी असून 'मला माहीत नाही' असं मी शपथेवर एकदाच सांगितलं. ते खरं होतं, आणि ते खरं राहावं म्हणून मी तीन दिवस त्या शिवारात फिरकलो नव्हतो. माणूस गप्प असला की तो काय लपवतोय हे आम्ही लगेच विचारतो. तो कुणाला सांभाळतोय, हे विचारायला मी त्या बाईकडून शिकलो.