डाव्या स्पीकरची तक्रार

आपल्याला कमी ऐकू येते, हे माणसाला नेमके केव्हा कळते? दिसेनासे होऊ लागले की अक्षरे पुसट होतात. ऐकू येईनासे झाले की मात्र जगच हळू बोलते आहे असे वाटते, आणि दोष जगाच्या माथी जातो. या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाला देता येत नाही. मोटारसायकलस्वारांच्या हेल्मेटमध्ये हेडसेट बसवून देणाऱ्या एका बाईंना ते एका दुपारी मिळाले, पण दुसऱ्याच्या बाबतीत. तो दुसरा म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ.

गिऱ्हाइके त्यांना ‘कानवाल्या बाई’ म्हणत. आवाज किती मोठा, हे लोक पहिल्यांदा विचारत; बाई पहिल्यांदा हातमोजे घालायला लावत. मोज्यातून बटण सापडले नाही की तो हेडसेट बाजूला. मग टेबलावरचा पंखा पूर्ण वेगाने सोडून त्याच्यासमोर बोलायचे. वाऱ्यात शब्द फुटला की तोही बाद. शेवटी कानाच्या पाळीला खडूची पूड लावून हेल्मेट चढवायचे. अस्तरावर पांढरा ठसा उमटेल तिथेच स्पीकर. “बोटभर सरकला तरी अर्धा आवाज फुकट,” असे त्या बजावत, आणि गिऱ्हाईक पांढरे कान घेऊन रस्त्याला लागे.

दादा बावीस वर्षे एका शाळेत मोटारसायकल शिकवत होते. रस्त्यावर पुढे ते, मागे दोन शिकाऊ, आणि मध्ये हेडसेटवरचे बोलणे. शाळेला तीन नवे हेडसेट हवे होते. निवड दादांवर सोपवलेली. बहिणीने दिलेला तिसरा नमुना त्यांनी त्या दुपारी टेबलावर आदळला.

“डावा स्पीकर मेलेला आहे.”

“तीन कंपन्या, तिघींचा डावाच मेला? साथ आलीय की काय?”

“चेष्टा पुरे. परवा डावीकडून ट्रक अगदी अंगावर आला, तरी मला पत्ता नाही. मागची शिकाऊ ओरडली म्हणून वाचलो. असलं खोकं कानावर असल्यावर बाहेरचं काय ऐकू येणार?”

बाईंनी हेल्मेट ओढून घेतले. त्यांनी अस्तर उचकटले, पाठ करून उजवा स्पीकर डावीकडे आणि डावा उजवीकडे बसवला, हेल्मेट पुन्हा दादांच्या डोक्यावर चढवले आणि मागच्या खोलीत जाऊन दुसऱ्या हेडसेटवर अंक म्हटले.

“डावा तसाच गं,” दादा ओरडले. “उजवा बघ कसा ठणठणीत!”

आता ज्याला ते ठणठणीत म्हणत होते, तो मघाचा मेलेला स्पीकर होता.

बाई क्षणभर दारातच थांबल्या. कानाडोळा करणे सोपे होते. चौथा नमुना दिला असता तर दादा आनंदाने घेऊन गेले असते. रस्त्यावर शिकवणे सोडून या माणसाला दुसरे काही आवडल्याचे त्यांनी कधी पाहिले नव्हते. मोटारसायकल त्यांनाही दादांनीच शिकवली होती. बाईंनी येऊन स्पीकरवरच्या डाव्या-उजव्याच्या खुणा दाखवल्या आणि काय अदलाबदल केली ते सांगितले.

दादा बराच वेळ हेल्मेटची काच खालीवर करत राहिले.

“मग दोन्ही स्पीकर उजवीकडेच बसव,” ते शेवटी म्हणाले. “आवाज वाढव. कुणाला कळतंय?”

पाव तासाचे काम होते. बाईंचा हात पेचकसाकडे गेलाही. पण तिथेच थांबला.

“हेडसेट म्हणशील तसा करून देईन, दादा. डावीकडून येणारा ट्रक मला हेल्मेटमध्ये बसवता येत नाही.”

“लहानपणी तुझे कान उपटले, त्याचा सूड उगवतेस होय?”

“उपटलेस माझे आणि बिघडला तुझा. आधी डॉक्टरांना दाखव.”

दादा हसले नाहीत. स्वतःचे हेल्मेट तिथेच ठेवून निघून गेले, आणि पुढचे दहा दिवस बाईंनी फोन केला की वहिनीच उचलत.

अकराव्या दिवशी ते शाळेची तिन्ही हेल्मेटे काखोटीला मारून आले. डॉक्टर काय म्हणाले, ते त्यांनी सांगितले नाही; बाईंनीही विचारले नाही. मोज्यातून सहज फिरवता येईल अशा मोठ्या चकतीचा हेडसेट दादांनी निवडला. शिकाऊंची दोन हेल्मेटे तयार झाली. शिक्षकाच्या तिसऱ्या हेल्मेटाकडे बाईंनी हात नेला तेव्हा दादांनी ते अलगद बाजूला सरकवले.

“हे राहू दे. सोमवारी नवा शिक्षक येईल, त्याच्या कानाचं माप घे. आणि त्याला नीट तपासून घे हं, दोन्ही बाजूंनी.”

२०१४च्या ऑगस्टपासून दादा त्याच शाळेच्या वर्गखोलीत वाहतुकीचे नियम शिकवू लागले आणि २०२१ साली तिथूनच निवृत्त झाले.