ते आता इथं नाही

मंगळवारी दुपारी आमच्या खोलीचं दार वाजलं... आणि मी नेहमीसारखी गप्प बसून राहिले.

पालघरला स्टेशनच्या बाजूला एक जुनं कौलारू घर आहे, त्यात आम्ही राहतो. दादा-वहिनी बोईसरला कंपनीत जातात. ते सकाळी गेले की अंधार पडेपर्यंत मी एकटीच... खाली बसून इमिटेशनच्या कानातल्यांना खडे चिकटवते. नववीत शाळा सोडली, तेव्हापासून हेच.

गंमत म्हणजे आमच्या दारावर माणसं खूप येतात. पण आमच्याकडे कोणी येत नाही.

घरमालक काका सांगतात, पहिल्यांदा इथे गवताची वखार होती. गवत मुंबईला जायचं, तबेल्यांना. मग एका डॉक्टरीणबाईंचा बाळंतपणाचा दवाखाना झाला. त्या गेल्यावर टायपिंगचा क्लास, मग कुरिअरचं ऑफिस. आता प्लायवूड मारून खोल्या पाडल्यात... आम्ही भाडेकरू.

पण लोकांना कुठे माहीत असतं! मोबाईलच्या मॅपवर अजून कुरिअरचंच नाव येतं, मग कोणी पार्सल घेऊन येतो. कोणी क्लासची चौकशी करतं. एकदा तर एक आजोबा पाय सुजला म्हणून आले. रिक्षावाल्याने दवाखाना म्हणून त्यांना इथेच सोडलं होतं...

मला अनोळखी माणसांशी बोलायला जमत नाही. म्हणून मी एक वाक्य पाठ करून ठेवलंय. "ते आता इथं नाही." काही दिवस असे जातात, की संध्याकाळपर्यंत तेवढंच बोललेली असते मी.

तर मंगळवारी दार वाजायचं थांबेना. शेवटी थोडंसं उघडलं. बाहेर एक मावशी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, घामाने भिजलेल्या. मागे त्यांची मुलगी, मोबाईलमध्ये तोंड घालून.

त्यांनी काही विचारायच्या आधीच मी म्हटलं, "ते आता इथं नाही."

"म्हाईत हाय गो बाय," मावशी हसल्या. "डाक्टरीणबाईंना जाऊन वरसं झाली. आमी दातिवऱ्यावरनं आलो. हिचं लगीन हाय रविवारी. ही हितंच जल्माला आली ना... जरा आत येऊ?"

"आये, चल ना. लोकं राहतात इथं," मुलगी पुटपुटली.

"गप! तू काय गपचूप आलतीस का? बोंबलून सगळी आळी गोळा केलतीस."

मला हसूच आलं. दार पूर्ण कधी उघडलं, माझं मलाच कळलं नाही.

मावशी सरळ आमच्या गॅसपाशी गेल्या. तिथे भिंतीला खांद्यापर्यंत पांढऱ्या लाद्या आहेत. आम्हाला वाटायचं, कोणीतरी किचनसाठीच लावल्यात... त्यातली एक तडकलेली आहे. मावशींनी तिच्यावर हात ठेवला.

"हीच ती. हिच्याकडं बघत बघत कळा काढल्या मी. मासळीच्या काट्यावानी दिसायची."

रोज दुपारी त्याच लादीसमोर बसून मी जेवते. तिच्याकडेच बघत... दुसरं कोण आहे बघायला. मला तो तडा झाडाच्या फांदीसारखा वाटतो. आणि त्या दिवशी मी ते चक्क बोलून दाखवलं.

मावशींनी मान वाकडी करून बघितलं. "हां... फांदीपन हाय."

मावशींच्या मुलीने लादीचा फोटो काढला. मग बराच वेळ मोबाईल तोंडासमोरच धरून उभी राहिली.

निघताना मावशींनी पिशवीतून अक्षता काढल्या आणि उंबऱ्यावर ठेवल्या. मला वाटलं झालं काम, आता जातील. मी दार लावायला पुढे झाले... तर त्यांनी माझाच हात धरला आणि मुठीत अक्षता दिल्या. "रविवारी यायचं लग्नाला. घरच्यांना घिऊन."

मी गडबडले. म्हटलं, मी दवाखान्याची कोणी नाही हो, आम्ही फक्त भाड्याने राहतो...

"दवाखाना नाय, म्हाईत हाय. तू हायेस ना हितं?"

मी अक्षतांची मूठ मिटली. आणि मान हलवली.

आज परत एक मुलगा कुरिअर शोधत आला. मी म्हटलं, "ते आता इथं नाही." तो वळला, आणि मी मागून जरा मोठ्यानेच म्हटलं, "मी राहते इथं." तो "बरं" म्हणाला आणि गेला. त्याला काय करायचंय म्हणा...

रविवारी जायचंय. एवढ्या माणसांत काय बोलायचं, काही माहीत नाही. पण ड्रेस काढून ठेवलाय, आणि अक्षता खड्यांच्या डबीशेजारी दुसऱ्या डबीत आहेत.

मावशी, तुम्ही हे बहुतेक वाचणार नाही. पण मी आत गप्प बसले होते, आणि तुम्ही दार वाजवत राहिलात... त्यासाठी थँक्यू.