जावईबापूंच्या नाकाला विचारलं

माझ्या हातून झालेला मूर्खपणा आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं मी काय केलं ते सांगताना तोंड मोकळं राहील. परदेशी जायच्या आधी करोनाची तपासणी करून घ्यायची होती, आणि ती मी नाकात काडी न घालताच करून घेतली. वर तपासणाऱ्याला 'देव तुमचं भलं करो' असा आशीर्वादही दिला. देवानं ऐकलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

तेव्हा मी कोवळी होते, अवघी बासष्ट वर्षांची. आज त्या बाईकडं मागं वळून बघितलं की हसू येतं. जन्मभर लातुरात शाळेत शिकवलं, खोटी सही, खोटी चिठ्ठी, पोटदुखीचं खोटं सोंग, सगळं लांबून ओळखायची म्हणे. आणि घरात सोफ्यावर बसून खोटा रिपोर्ट घेताना मात्र गालातल्या गालात हसत होती.

लेक दुबईला. पहिलटकरीण, नववा लागलेला. तिला सासू नाही, घरात ती आणि तिचा नवरा, दोघंच. रोज फोनवर एकच वाक्य, "आई, कळा सुरू व्हायच्या आत ये." मी डिंकाचे लाडू वळले, जुन्या मऊ लुगड्यांच्या दुपट्या शिवल्या, तिकीट काढलं. राहिली ती तपासणी. विमानाच्या आधी अठ्ठेचाळीस तासांच्या आतली पाहिजे, आणि कागदावर तो काळा-पांढरा चौकोन पाहिजे, ज्यावर मोबाइल धरला की लॅबमधला मूळ रिपोर्ट उघडतो.

त्या दिवसांत लातुरात लॅबा कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या होत्या. त्यातली एक माझ्या धाकट्या नणंदेच्या जावयाची. आता आमच्याकडं जावई म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. जावयाला पहिला पाट, पहिलं ताट, आणि उलटा प्रश्न कधीच नाही. त्यांची लॅब सोडून मी दुसरीकडं गेले असते तर नणंदेनं सात वर्षं तोंड फिरवलं असतं. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण माझं नाक. ती काडी पार मेंदूपर्यंत जाते असं कॉलनीतल्या एकीनं सांगितलं होतं, आणि मी ते खरं मानलं होतं. लहानपणी नथीसाठी सुईनं नाक टोचून घेताना हूं की चूं न केलेली मी, कापसाच्या काडीला भ्याले.

जावई घरी आले. पिशवीतनं काडी काढली, माझ्याकडं बघितलं, काडी परत ठेवली.

"मामी, घरच्या माणसाला कशाला तकलीफ? तुम्ही कुठं बाहेर जाता? निगेटिव्हच आहात तुम्ही. चेहऱ्यावरूनच दिसतं."

"असं चालतं का हो, जावईबापू?" मी विचारलं. विचारायचं म्हणून.

"आपल्याच घरचं काम आहे मामी. संध्याकाळी रिपोर्ट आणून देतो."

आणि दिला. रंगीत, शिक्क्याचा, चौकोन असलेला. मी तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून देवापुढं ठेवला. आमच्या ह्यांनी चष्मा वर करून विचारलं, "एवढ्यात झालं? नाकाला काही लागलं नाही ना?" मी म्हटलं, "हात लई हलका हाय त्यांचा."

हैदराबादच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं त्या चौकोनावर मोबाइल धरला. बघितलं, पुन्हा धरला. मग माझ्याकडं बघून अगदी मायेनं म्हणाली, "अम्मा, इसमें तो आप इकतीस साल के मर्द हैं."

जावयानं कुणा दुसऱ्याच्या रिपोर्टातला चौकोन उचलून माझ्या कागदावर डकवला होता. विमानतळावर आत आणखी एक झटपट तपासणी व्हायची होती, पण तिथवर मला कोण सोडतंय? मी रडले, मग भांडले, मग लेक बाळंतपणाला टेकली आहे असं सगळ्यांना सांगत सुटले. ती मुलगी बिचारी तरी काय करणार! आमचे हे काचेपलीकडं थांबले होते, शेवटी बॅग ढकलत मलाच बाहेर यावं लागलं. लेकीला फोन केला.  ती म्हणाली, "बरं." एवढंच. तिनं आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं.

 परतीच्या वाटेवर बीदर गेल्यावर मी म्हणाले, "त्याला सोडणार न्हाई."

"तो जावई आहे," हे म्हणाले.

"म्हणूनच. जावयाला शिव्या देता येत न्हाईत. पाहुणचार तर करता येतो."

त्या काळातल्या माझ्या डोक्यात अक्कल नव्हती, पण राग होता, आणि रागानं अकलेचं काम बऱ्यापैकी भागवलं. दुबईच्या जावयानं आठवड्याभरानंतरचं दुसरं तिकीट काढलं. आता हुकलं तर बाळंतपण हुकणार, हे दिसतच होतं. यावेळी लॅब खात्रीची पाहिजे. पण खात्रीची कुठली? ज्याला विचारावं तो आपल्याच भाच्याची लॅब सांगे. पाट्यांवर सगळ्यांच्याच 'विश्वासू' लिहिलेलं. खरी लॅब कुठली हे पक्कं कुणाला माहीत असेल, तर ते ह्या धंद्यातल्याच माणसाला. आणि आमच्या घरातला तो माणूस मला खरं सांगणार नव्हता. मग त्याच्या तोंडाला कशाला विचारायचं? त्याच्या नाकालाच विचारू.

दोन दिवसांनी मी जावईबापूंना फोन केला. विमानतळाचं काही बोलले नाही. "जाणं थोडं पुढं ढकललंय. तुमची आठवण आली. या की चहाला." ते आले. मी सोफ्यावर त्यांच्या अगदी शेजारी बसले. मास्क नाही. बशीत डिंकाचे लाडू ठेवले, लेकीसाठी वळलेले.

पहिला घास त्यांच्या तोंडात गेला आणि मी खोकले. शाळेत इतकी वर्षं पोरांचे खोटे खोकले ऐकलेत, की कुठला खोकला पकडला जातो आणि कुठला खपतो हे मला पाठ आहे. खपणारा खोकला आधी दाबायचा असतो. मी दाबला, मग तो पोटातनं आला.

जावई जरा सरकले. मीही सरकले.

"मामी... कधीपासून हे?"

"हैदराबादेहून आल्यापासनं. तिथं गर्दी लई. ते जाऊ द्या. जावईबापू, ह्या लाडवाला तुपाचा वास येतो का हो? मला कालपासनं कशाचाच वास येऊन न्हाई राहिला."

लाडू तोंडात अडकला. गिळावा तर पंचाईत, थुंकावा तर जावई.

"टेस्ट करून घ्या मामी. लगेच."

"कशाला?" मी त्यांच्या दंडावर हात ठेवला. "तुमचा रिपोर्ट हाय की घरात. निगेटिव्ह. घ्या, अजून एक घ्या, तुम्हाला माझी शपथ."

ते रिपोर्ट खोटा आहे म्हणू शकत नव्हते, आणि मामेसासूची शपथ मोडू शकत नव्हते. दुसरा लाडू खाताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आमचे हे दारात उभं राहून सगळं बघत होते. जावई गेल्यावर म्हणाले, "तू बाई नाहीस." मला तो फार मोठा मान वाटला.

दुसऱ्या दिवसापासून नणंदेचे फोन सुरू झाले. "वहिनी, जावई वरच्या खोलीत एकटेच झोपून राहिलेत. ताट दारात ठेवा म्हणतात. पोरीला काही सांगेनात."

"कामाचा ताण असेल, वन्सं."

"दर घंट्याला अत्तराची कुपी हुंगतात म्हणे."

फोन ठेवून मी पोटभर हसले. पण धाकधूकही होती. ते तपासणीला गेलेच नाहीत तर? माझं विमान जवळ येत होतं. हुशार माणूस, लगेच केलेल्या तपासणीचा उपयोग नसतो, थोडे दिवस जाऊ द्यावे लागतात हे त्यांना बरोबर माहीत होतं. एवढं ज्ञान अंगात असून मला चेहऱ्यावरून तपासलं, ह्याचाच मला जास्त संताप आला. शेवटी नणंदेचा फोन आला, "उद्या सकाळी नांदेडला जाऊन येतो म्हणाले. काय काम ते सांगत न्हाईत." जावई लातुरात कुठल्याही लॅबच्या रांगेत उभे राहिले असते तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं. म्हणून नांदेड. मी बॅगा गाडीत टाकल्या, पासपोर्ट पर्समध्ये घातला आणि ह्यांना म्हटलं, "नांदेडहून तसंच पुढं हैदराबाद. चला."

त्यांच्या गाडीमागं गाडी लावणं सोपं होतं. मागच्या काचेवर लॅबचं नाव होतं आणि खाली मोठ्या लाल अक्षरांत 'अचूक निदान, हीच आमची ओळख'. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, ती ओळ आमच्यापुढं उड्या मारत चाललेली. "वाच मोठ्यानं," हे म्हणायचे, आणि मी वाचायची.

नांदेडात एका साध्या दुमजली इमारतीपुढं गाडी थांबली. पाटीवर विश्वासू वगैरे काही नव्हतं. रांग मात्र फाटकाबाहेर. जावई तोंडावर दोन मास्क लावून उभे राहिले. त्यांच्यामागं तिघं, मग डोक्यावरून पदर घेतलेली, मास्क लावलेली मी. त्यांनी वळून बघितलंच नाही. खिडकीशी पोचल्यावर त्यांनी आतल्या मुलीला जे उभं-आडवं घेतलं, ते मी कान देऊन ऐकलं.

"मशीन इथंच आहे का नमुने बाहेर पाठवता? लॅबला मान्यता कधीपर्यंतची आहे? तो कागद दाखवा. नमुना घेतल्याची वेळ रिपोर्टावर येते का? ओळखपत्र बघून नाव घालता ना? क्यूआर तुमच्याच साइटवर उघडतो का? आत्ता एखादा उघडून दाखवा."

मुलगी न चिडता एकेक दाखवत होती. मला वाटलं, पुढं होऊन ह्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावं आणि तिथंच चावावं.

मग ते खुर्चीवर बसले, मान मागं टाकली. काडी आत गेली. "मॅडम, अजून खोल घ्या, वरवर नको," असं स्वतः म्हणाले. डोळ्यांतनं पाणी गालावर. ते पुसून उठले तशी मी पदर मागं केला.

"जावईबापू! इथं?"

त्यांचा चेहरा बघायला मी पुन्हा एकदा हैदराबादेहून स्वतःला परत पाठवून घेईन.

रांगेत लातूरचे दोघं-तिघं होते, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं मी सांगू लागले. "हे आमचे जावई. लातुरात स्वतःची लॅब हाय ह्यांची, लई नावाजलेली. तरी बघा, स्वतःच्या नाकासाठी पार नांदेडला आले. का हो जावईबापू, तुमच्याकडं चेहऱ्यावरून बघत न्हाईत का आता?"

"मामी, हळू," ते म्हणाले. "तुमचा खोकला..."

"गेला की. तुम्हाला रांगेत बघितलं आणि खडखडीत बरी झाले."

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. दुबईचा जावई. कळा लवकर सुरू झाल्या होत्या, दवाखान्यात नेलं होतं. "आई, निघालात ना तुम्ही?" मी रांगेत उभी. माझ्या पुढं दोघं. लेकीची आई कुठं होती, तर नांदेडात, एका माणसाचा पाणउतारा करण्यात दंग. खुर्चीवर बसले, काडी आत गेली. काही दुखलं नाही. शिंक यावी तसं वाटलं आणि संपलं. एवढ्याशा गोष्टीसाठी, असं म्हणून मी अशी रडायला लागले, की काडी घालणारी मुलगी घाबरून म्हणाली, "आजी, लागलं का?"

रिपोर्ट संध्याकाळी आला, देगलूरच्या वाटेवर. निगेटिव्ह. त्याच्या आधी तासभर नातीची बातमी आली होती. जावईबापूही निगेटिव्हच निघाले, आणि त्याचं मला आजही थोडं वाईट वाटतं. गाडीच्या काचेवरची ती लाल ओळ त्यांनी नंतर खरवडून काढली. लग्नाकार्यात भेटले की मी अजून त्यांना आग्रहानं डिंकाचा लाडू वाढते. ते दोन्ही हात ताटावर आडवे धरतात.

दुबईला पोचले तेव्हा नात तीन दिवसांची झाली होती. लेकीच्या उशाशी बसून मी तिला सगळं साग्रसंगीत सांगितलं, खोकल्याच्या नकलेसकट. टाके दुखतात म्हणून ती पोट धरून हसली. मग काडीला मी भ्याले होते, तेही सांगितलं. ती हसायची थांबली. नातीला माझ्या मांडीवर देत म्हणाली, "आई, त्याला तू जन्मात माफ करू नको. तुला माफ करायचं का न्हाई, ते मी बारशापर्यंत बघते."